शोधत होते विळा, हाती आली साखर

तेहरान विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकात डॉ. सॅम्युएल रहबार यांचं काम तसं कंटाळवाणंच होतं. इस्पितळात आलेल्या रुग्णांचं थोडं थोडं रक्त घ्यायचं, तांबड्या पेशी फोडून आतलं हिमोग्लोबिन मोकळं करायचं, त्याचा ठिपका अगारच्या जेलवर ठेवायचा आणि जेलमधून वीज सोडायची. रेणूवर विद्युतभार जसा असेल तसा तो सरकतो. ठरावीक वेळाने वीज बंद केली की कोण कुठवर पोचलं ते पट्ट्यांवरून कळतं. बहुतेकांची पट्टी नेमून दिल्यासारखी एकाच जागी. क्वचित एखाद्याची थोडी पुढे गेलेली किंवा मागे रेंगाळलेली. त्या चुकार पट्टीसाठीच हा सगळा खटाटोप होता. वेगळ्या घडणीचं हिमोग्लोबिन अंगात घेऊन जन्मलेली माणसं रहबार शोधत होते.

सुमारे बाराशे जणांचं रक्त तपासताना दोघांच्या जेलवर एक जलद धावणारी पट्टी दिसली. ओळखीच्या कुठल्याच विकृत हिमोग्लोबिनशी ती जुळेना. रुग्णांचे कागद काढून पाहिले, तर दोघेही मधुमेही. दुसरा कुणी असता तर योगायोग म्हणून पुढच्या ठिपक्याकडे वळला असता. रहबार यांनी आता मधुमेह्यांचंच रक्त तपासायला घेतलं. सत्तेचाळीस जण तपासले आणि सगळ्यांत तीच पट्टी निघाली. १९६८ साली ‘क्लिनिका किमिका अ‍ॅक्टा’ या नियतकालिकात त्यांचं छोटेखानी टिपण आलं. लेखक एकटेच. मथळ्यात त्यांनी या पदार्थाला ‘अ‍ॅबनॉर्मल हिमोग्लोबिन’ म्हटलं होतं.

आपल्याकडे घरोघरी ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून जी तपासणी ओळखली जाते ती एचबीएवनसी, ती या पट्टीतून निघाली. एवढी गोष्ट मधुमेहाच्या पुस्तकांत असते. तिची दुसरी बाजू मात्र सहसा कुणी सांगत नाही. ही तपासणी विकृत हिमोग्लोबिनांच्या शोधाशोधीत जन्माला आली, तिला वाढवणारे बहुतेक लोक सिकलसेलवर काम करणारे होते, आणि ज्यांच्या अंगात असं हिमोग्लोबिन आहे नेमक्या त्याच माणसांबाबत ती फसते. लोकांची घरं बांधून गवंडी उघड्यावर, अशातली ही गत आहे.

या शोधाशोधीची सुरुवात शिकागोत झाली. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण १९०४च्या अखेरीस तिथल्या इस्पितळात दाखल झाला. खोकला, ताप, अशक्तपणा. त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर गोल पेशींच्या जोडीला लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी, म्हणजे सिकल सेल, दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्याचं वर्णन छापलं. त्या पेशी अशा का वाकतात हे कळायला आणखी चार दशकं गेली. १९४९ साली कॅलटेक या संस्थेत लायनस पॉलिंग, हार्वी इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवून पाहिलं. सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनहून वेगळ्या गतीने सरकलं. वाहकांच्या, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक आलेल्यांच्या, रक्तात दोन्ही प्रकार एकत्र आढळले. एखादा आजार रेणूच्या घडणीत असू शकतो, हे प्रथमच डोळ्यांना दिसलं. यातले इटानो हे जपानी वंशाचे अमेरिकन. महायुद्धात त्यांना कुटुंबासह सरकारी छावणीत डांबलं होतं आणि तिथूनच ते वैद्यकीय शिक्षणासाठी बाहेर पडले होते. १९५६-५७मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी फरक नेमका दाखवला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेलं असतं. एवढंच. बाकीचे १४५ दुवे जसेच्या तसे.

हा ‘सहावा दुवा’ वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

इन्ग्रॅमनंतर जगभरच्या प्रयोगशाळांना शोधाचं वेडच लागलं. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनला एस म्हणत. मग सी सापडलं, डी सापडलं, ई सापडलं. बघता बघता अक्षरं पुरेनाशी झाली आणि गावांची, प्रदेशांची नावं द्यावी लागली. डी-पंजाब आणि डी-लॉस एंजेलिस ही दोन वेगळी हिमोग्लोबिनं धरली होती, ती तपासाअंती एकच निघाली. मलेरियाच्या पट्ट्यात यांतली काही हिमोग्लोबिनं टिकून राहिली, कारण वाहकांना हिवतापापासून थोडं संरक्षण मिळत होतं.

या शोधयात्रेतलं सगळ्यांत भटकं नाव हरमान लेहमान यांचं. नाझी जर्मनी सोडून आलेले ज्यू, केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराचे डॉक्टर म्हणून ते हिंदुस्थानात होते. १९५२ साली त्यांनी मेरी कटबुश यांच्यासह निलगिरीतल्या आदिवासींच्या रक्तात सिकलसेलचं जनुक असल्याचं जाहीर केलं. तोवर हा आजार आफ्रिकी वंशाच्या लोकांचा, असा समज घट्ट होता. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेकडे जगभरातून रक्ताचे नमुने येत राहिले. मुंबईतल्या पी. के. सुकुमारन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन सिंधी कुटुंबांत सापडलेलं ‘हिमोग्लोबिन क्यू इंडिया’ १९७२ साली लेहमान यांच्या जोडीने छापलं गेलं. रहबार यांना इराणमध्ये मिळालेलं ‘एल पर्शियन गल्फ’ हेही १९६९ साली लेहमान यांच्याबरोबरच. थोडक्यात, रहबार हे मधुमेहवाले नव्हतेच. हमदानमध्ये जन्मलेला हा माणूस हिमोग्लोबिन गोळा करणाऱ्यांच्या बिरादरीतला होता.

या बिरादरीतल्या इतरांच्या हातून ती पट्टी आधीच निसटली होती. १९५५ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हेन्री कुंकेल आणि वालेनियस यांना निरोगी प्रौढांच्या रक्तात मुख्य हिमोग्लोबिनखेरीज काही किरकोळ भाग दिसले. १९५८ साली कॅलटेकमध्येच अ‍ॅलन, श्रोडर आणि बॅलॉग यांनी राळेच्या स्तंभातून हिमोग्लोबिन गाळून ते भाग वेगळे काढले आणि त्यांना एवनए, एवनबी, एवनसी अशी नावं दिली. आज मधुमेह्यांच्या तोंडी असलेलं ते ‘एवनसी’ हे असं निव्वळ रांगेतल्या क्रमांकासारखं आलं. हे सगळं निरोगी रक्तातलं काम होतं, साखरेचा विचार कुणाच्या मनात नव्हता. १९६२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात टिटस हाउसमन आणि डोझी यांना काही मधुमेह्यांच्या रक्तात हा किरकोळ भाग वाढलेला आढळला. ते रुग्ण मधुमेहावरच्या टॉलब्युटामाइडच्या गोळ्या घेत होते. दोष गोळ्यांवर गेला आणि विषय मिटला. हे हाउसमन नंतर जगातल्या हिमोग्लोबिन प्रकारांची जंत्री करणारे म्हणून नावाजले. सोन्याची वीट हातात होती, त्यांनी ती पेपरवेट समजून ठेवून दिली.

रहबार यांचं नशीब असं, की त्यांची गाठ न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजमधल्या डॉ. हेलन रॅनी यांच्याशी पडली. रॅनी यांची कीर्ती सिकलसेलच्या संशोधनातली. १९५३ साली एस आणि सी या हिमोग्लोबिनांची आनुवंशिकता उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७३ साली त्या अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागाच्या प्रमुख झालेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. रहबार, ब्लूमेनफेल्ड आणि रॅनी यांनी १९६९ साली दाखवलं, की मधुमेह्यांची ती जलद पट्टी आणि १९५८चं एवनसी एकच. त्याच कॉलेजातल्या बुकचिन आणि गॅलप यांनी १९६८ साली सांगून ठेवलं होतं, की बीटा साखळीच्या अगदी पहिल्या दुव्यावर साखरेसारखं काहीतरी चिकटलेलं आहे. दोन धागे जुळले. ही विकृती जन्माची नव्हती. साधं, सरळ हिमोग्लोबिन रक्तातल्या साखरेत राहून राहून असं होत होतं.

गुलाबजाम पाकात टाकला की पाक त्यात मुरतो. पाक जितका घट्ट आणि गोळा त्यात जितका वेळ राहील तितकी गोडी आत. इथेही तसंच. ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या पहिल्या दुव्याला आपणहून चिकटतं, त्यासाठी कुठलं एन्झाइम लागत नाही. आणि तांबडी पेशी पाकात राहते सुमारे १२० दिवस. १९७६ साली फ्रँकलिन बन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी लोखंड वापरून दाखवलं, की एवनसी पेशीच्या सगळ्या आयुष्यभर हळूहळू तयार होत जातं. म्हणून ते गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतं. मात्र या हिशेबाला एक अट आहे. गोळा पूर्ण वेळ पाकात राहायला हवा. ती अट मोडली तर काय, हा प्रश्न तेव्हा कुणाला फारसा सुचला नाही.

हे तंत्र दवाखान्यात आणणारे अँथनी सेरामी हे रॉकफेलरचे. त्यांची पूर्वपीठिका मला या सगळ्या कथेतला सर्वांत विलक्षण भाग वाटते. १९७१ साली सेरामी आणि जेम्स मॅनिंग यांनी सिकलसेलवर एक औषध सुचवलं होतं, सायनेट. सायनेट हिमोग्लोबिन साखळीच्या पहिल्या दुव्याला, त्या टोकाच्या व्हॅलिनलाच, जाऊन चिकटतं आणि पेशींचं वाकणं कमी होतं. रुग्णांवर प्रयोग झाले. पण नसांना इजा होऊ लागली, डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागले आणि औषध सोडून द्यावं लागलं. बीटा साखळीच्या त्याच टोकाला मधुमेहात ग्लुकोज जाऊन बसतं, आणि नसा आणि डोळे हीच मधुमेहाचीही जुनी गिऱ्हाइकं. सेरामी सिकलसेलकडून मधुमेहाकडे वळले. १९७६ साली कोनिग, सेरामी आणि मंडळींनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाचच रुग्णांची हकीगत छापली. उपाशीपोटीची साखर सरासरी ३४३ वरून ८४ वर आणली, तेव्हा एवनसी ९.८ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर उतरलं. पाच माणसं! पण आकडे इतके बोलके होते, की मधुमेहाच्या दुनियेत खळबळ उडाली. तोवर डॉक्टरला रुग्णाच्या सांगण्यावर आणि त्या दिवसाच्या साखरेवर विसंबावं लागे. तपासणीच्या आदल्या दिवशी पथ्य पाळणारे रुग्ण तेव्हाही होते आणि आजही आहेत. एवनसीपुढे ती लबाडी चालेना.

मग १९८३ साली डीसीसीटी ही अमेरिका आणि कॅनडातली मोठी चाचणी सुरू झाली. २९ केंद्रं, इन्सुलिनवर असलेले १,४४१ रुग्ण. एका गटाची साखर काटेकोर सांभाळली, दुसऱ्याला त्या काळचा नेहमीचा उपचार. पहिल्या गटाचं एवनसी सात टक्क्यांच्या आसपास राहिलं, दुसऱ्याचं नऊच्या. १९९३ साली निकाल आला. ज्यांच्या डोळ्यांना अजून धक्का पोचला नव्हता, त्यांच्यात डोळ्यांतला पडदा बिघडण्याची जोखीम काटेकोर उपचारांनी ७६ टक्क्यांनी घटली होती. त्या दिवसापासून एवनसी हा मधुमेहाचा न्यायाधीश झाला.

न्यायाधीशाच्या डोळ्यांत काही दोष आहे, ही कुजबुज मात्र त्याआधीपासून होती. सत्तरचं दशक संपता संपताच एस आणि सी हिमोग्लोबिनच्या वाहकांत एवनसीचा आकडा नको तितका कमी येतो, अशा नोंदी छापून येऊ लागल्या. कारण कळायला पाटीवरचं गणित पुरतं. सिकलसेलचा वाहक घ्या. त्याच्या रक्तात समजा साठ भाग साधं हिमोग्लोबिन ए आणि चाळीस भाग एस. त्याला मधुमेह आहे आणि दर शंभरातल्या आठ रेणूंवर साखर चढलेली आहे. म्हणजे ए वर ४.८ भाग आणि एस वर ३.२ भाग. साखर चढलेलं एस यंत्राच्या स्तंभातून वेगळ्याच ठिकाणी बाहेर पडतं, तिकडे यंत्राचं लक्ष नाही. ते ४.८ मोजतं आणि भागतं मात्र पूर्ण शंभराने. रिपोर्टवर येतं ४.८ टक्के. खरे आठ टक्के असलेला मधुमेही कागदावर ठणठणीत!

उलटंही होतं. ‘हिमोग्लोबिन रॅले’ नावाच्या एका दुर्मीळ प्रकारात पहिल्या दुव्यावरच बदल आहे. त्याचा विद्युतभार साखर चढलेल्या हिमोग्लोबिनसारखा होतो. यंत्राला वाटतं, सगळी साखरच साखर. आकडा असा येतो, की खरा असता तर माणूस चालत दवाखान्यात आलाच नसता. मूत्रपिंड निकामी झालेल्यांत आणखी एक गंमत होते. साचलेल्या युरियातून सायनेट तयार होतं, सेरामींचं तेच सायनेट, आणि ते पहिल्या दुव्याला चिकटून जुन्या यंत्रांना साखरेचा भास घडवायचं.

विद्युतभारावर विसंबायचं नाही म्हणून अँटिबॉडी वापरणाऱ्या पद्धती आल्या. अँटिबॉडी बीटा साखळीच्या पहिल्या काही दुव्यांचा आकार आणि त्यावरची साखर ओळखते. डी-पंजाबचा बदल १२१व्या जागी, ई चा २६व्या जागी, त्यामुळे या दोघांशी तिचं भांडण नाही. पण एस आणि सी यांचा बदल सहाव्या दुव्यावर, म्हणजे साखरेच्या अगदी शेजारी. काही अँटिबॉड्या तिथे अडखळल्या. काही कंपन्यांनी नंतर सुधारित अँटिबॉड्या आणल्या. तरीही गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, ज्याला एफ म्हणतात, त्यात बीटा साखळीच नसते. ते दहा-वीस टक्के असलं की अँटिबॉडीचा हिशेब पुन्हा खाली घसरतो.

हे सगळं यंत्राचं झालं. यंत्र सुधारता येतं. १९९६ साली अमेरिकेत एवनसीच्या मोजमापाचं प्रमाणीकरण करणारा कार्यक्रम सुरू झाला. कोणत्या यंत्राला कोणतं हिमोग्लोबिन चकवतं याचे तक्ते निघाले. आजची बरीच यंत्रं एस, सी, डी, ई यांच्या वाहकांत पुष्कळसं बरोबर मोजतात. पण दुसरी अडचण यंत्राच्या आवाक्याबाहेरची आहे. सिकलसेलचा पूर्ण रुग्ण, ज्याला आईवडील दोघांकडूनही एस मिळालं आहे, त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन ए नसतंच. ए नाही तर एवनसी कुठलं? आणि त्याच्या पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांत मरतात. गुलाबजाम पाकात टाकला आणि लगेच काढला. साखर कितीही असो, त्यात मुरणार काय? या रुग्णांसाठी जगातलं कुठलंही यंत्र खरा आकडा देऊ शकत नाही. त्यांचं एवनसी करूच नये, असं मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात.

२००९ ते २०११ या काळात आणखी एक पाऊल पडलं. तोवर एवनसी फक्त उपचार किती चालला ते पाहण्यासाठी होतं. आता ६.५ टक्के ही रेषा आखून त्यावर मधुमेहाचं निदानच करायला सुरुवात झाली. आधी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने, मग अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने संमती दिली. संघटनेने अट घातली, की मोजमाप बिघडवणारी अवस्था रुग्णात नसावी. अट कागदावर राहिली आणि रेषा दवाखान्यात पोचली. असं नेहमीच होतं.

२०१७ साली ती साधी अट न पाळल्याची किंमत दोन अभ्यासांनी मोजली. पहिला ‘जामा’मध्ये छापून आलेला, ४,६२० आफ्रिकी अमेरिकन स्त्रीपुरुषांचा. त्यांतले ३६७ सिकलसेलचे वाहक. रक्तातली साखर तेवढीच असताना वाहकांचं एवनसी सुमारे ०.३ ने कमी होतं. ऐकायला क्षुल्लक, पण रेषेवर उभ्या असलेल्या माणसाला तेवढं पुरतं. दुसऱ्या अभ्यासात हिमोग्लोबिनचा संबंधच नव्हता. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमच्या जनुकातला एक बदल तांबड्या पेशींचं आयुष्य घटवतो आणि आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत एवनसी सुमारे ०.८ ने खाली खेचतो. एकट्या अमेरिकेत या कारणाने साडेसहा लाखांच्या आसपास लोकांचा मधुमेह एवनसीच्या चाळणीतून निसटू शकतो, असा संशोधकांचा अंदाज होता. नोएलच्या विळ्यापासून सुरू झालेलं शास्त्र शंभर वर्षांनी नोएलच्याच लोकांना ‘तुम्ही बरे आहात’ असं खोटं सांगत होतं.

आणि आपल्याकडे? १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. निलगिरीत दिसलेलं जनुक विदर्भातही आहे हे तेव्हा कळलं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, मेळघाट, तिकडे सातपुड्याच्या कुशीत नंदुरबार. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा आणि विदर्भातल्या दलित वस्त्या. या भागांत सिकलसेल हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडच्या सिकलसेलची एक खासियत म्हणजे रुग्णांत हिमोग्लोबिन एफ पुष्कळ असतं. त्यामुळे आजार थोडा सौम्य होतो, आणि एवनसीच्या अँटिबॉडीला मात्र आणखी एक अडथळा मिळतो. त्यात हायड्रॉक्सियुरिया हे उपचारातलं औषध एफ अजून वाढवतं. मग दंडावर लावायचे साखरेचे सेन्सर वापरावेत, तर त्यांतल्या काही प्रकारांना हेच औषध चकवतं आणि साखर आहे त्याहून जास्त दिसते. एका दारातून बाहेर पडावं तर दुसऱ्या दारातही तोच उभा.

सिकलसेलपुरतं हे नाही. पूर्व भारतात हिमोग्लोबिन ई, पंजाबात डी, सिंधी, लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांत थॅलेसेमिया. थॅलेसेमिया मेजरच्या मुलांना नेमानं रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोखंड स्वादुपिंडात साठतं आणि यांतल्या अनेकांना मोठेपणी मधुमेह होतो. म्हणजे साखर तपासायची गरज इतरांहून जास्त. त्यांचं एवनसी केलं तर मात्र बाटलीतून आलेल्या पेशी त्यात मोजल्या जातात. रिपोर्टावर नाव मुलाचं, साखर बरीचशी रक्तदात्याची.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. या दोन मोहिमा एकाच तालुक्यात, एकाच आरोग्य केंद्रात चालतात. एका वहीत सिकलसेलची नोंद, दुसऱ्या वहीत शुगरची. दोन वह्या एकमेकींशी बोलल्या तर किती गोंधळ टळेल! त्या बोलत नाहीत, ही माझी तक्रार आहे. सिकलसेलचा रुग्ण पूर्वी लहानपणीच दगावायचा, म्हणून त्याला मधुमेह होण्याइतकं वय मिळत नसे. आता मिळतं. हा प्रश्न म्हणूनच नवा आहे.

उपाय महागडे नाहीत. एवनसी शंकास्पद वाटलं तर उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर, हा जुना मार्ग शाबूत आहे. रक्तातल्या अल्ब्युमिनवर चढलेली साखर मोजणारी तपासणी आहे, न्यूझीलंडमध्ये ऐंशीच्या दशकात निघालेलं फ्रुक्टोसामीन आहे. ते दोन-तीन आठवड्यांचाच हिशेब देतं, पण हिमोग्लोबिन कुठल्या जातीचं याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

रहबार १९७९च्या क्रांतीनंतर इराण सोडून कॅलिफोर्नियात गेले आणि तिथल्या ‘सिटी ऑफ होप’ संस्थेत अखेरपर्यंत काम करत राहिले. २०१२ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने त्यांच्या नावाने सन्मान दिला. त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या जेलची जागा आता एचपीएलसी यंत्राने घेतली आहे. हल्ली अनेक लॅब एवनसीच्या आकड्याखाली त्या यंत्राचा आलेखही छापतात. एक उंच डोंगर, त्याच्या अलीकडे छोट्या टेकड्या. बहुतेक लोक वरचा आकडा पाहून कागद घडी करून ठेवतात. डोंगराच्या पलीकडे आणखी एक मोठा उंचवटा असेल, तर ती रहबार शोधत होते तशी चुकार पट्टीच आहे, फक्त कागदावर आलेली.

तेव्हा घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे एक सांगत असतील आणि एवनसी दुसरंच, लॅब बदलल्याबरोबर आकडा उडी मारत असेल, पंधराच्या वर गेला असेल, किंवा घरात कुणाला सिकलसेल वा थॅलेसेमिया असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. रक्त देताना फॉर्मवर लिहा. आणि लॅबने आलेख दिला नसेल तर मागून घ्या. तो यंत्रात असतोच.